एका वाक्यापुरती बॅटरी

बॅटरीचा पॅक गरम होता. हेमसिंगनं तो फडक्यात गुंडाळून देवमनच्या हातावर ठेवला, तव्यावरून नुकती उतरलेली भाकरी ठेवावी तसा.

"घे भाऊ, टम्म भरला."

"इतका कढत काहून हाय पन?"

"भरलं पोट गरमच राह्यते. माह्या भोंग्याच्या बॅटऱ्या भरल्या का आतल्या पान्याले बुडबुडे येतात. तुह्या या डब्याले बूचच नाई, मंग बुडबुडे पाहू कुठं? म्हून हात लावून पाह्यलं. हात पोळला, तवा काढला."

हेमसिंग रिठदला लग्नाकार्याला भोंगे लावायचा. लाल आणि काळ्या चिमट्यांची त्याची ती जड लोखंडी पेटी मोठ्या बॅटऱ्या चार्ज करायची होती. त्या पेटीवर देवमनची वॉकीटॉकीची बॅटरी रातभर घुमत राहिली होती. खात्याचा चार्जर जळाला होता आणि दुसऱ्या पॅकसकट दुरुस्तीला अकोल्याला गेला होता. बाहेरच्या चार्जरला पॅक लावायचा नाही, असा साहेबांचा हुकूम होता. लावला तर नोकरी गेली समजा. पण देवमनला हुकुमाहून मुक्या वॉकीटॉकीची भीती जास्त वाटली.

त्याला कारण होतं. खाली नाल्यावर धरणाचं काम चालू होतं. नाल्याच्या पोटातच पायाचा खोल खड्डा खणला होता आणि त्या खड्ड्यात बायामाणसं घमेली वाहत होती. त्यांत पंचफुला होती, त्याची बायको. देवमनची चौकी वर, डोंगराच्या कुशीत. तिथं पाण्यात लाल खूण केलेला खांब रोवला होता. पाणी लाल खुणेला टेकलं की वॉकीटॉकीवरून खाली सांगायचं, एवढंच त्याचं काम. कार्तिकातला अवकाळी पाऊस मोठा लबाड. वर पाऊस पडतो, खाली ऊन असतं, आणि त्या उन्हातच पाणी येतं.

सकाळी चौकीवर पोचल्यावर त्यानं पॅक उघडून पाहिला. डब्याचं पोट फुगलं होतं. शिवणीतून पांढरं, मिठासारखं काहीतरी बाहेर आलं होतं. त्यानं ते पुसलं आणि बोटं धोतराला कितीदा तरी पुसत राहिला. पॅक बसवला, बटण फिरवलं. खरखर ऐकू आली तेव्हा जीव भांड्यात पडला.

"वरची चौकी बोलतो. उत्तमराव, ओव्हर."

"बोल बाप्पा," खालून उत्तमरावाचा आवाज आला. खालचा वॉकीटॉकी त्याच्याकडे असायचा. "आज तरी ढग पाहून घाबरू नको. गेल्या खेपेले तू बोंबलला, सारे वर चढले, अन् थेंब नाई आला. बायांची अर्धी मजुरी कटली. तुह्या घरवालीले अजून टोमने मारून राह्यल्या, का नवऱ्याले ढग दिसला का घाम फुटते."

त्याच्या आवाजामागून बायांचं गाणं येत होतं. देवमन रोज त्यासाठीच कान देऊन बसायचा.

*घमेलं वाहू वाहू, मान झाली वाकी*
*सांग सांग नदीबाई, वाळू किती बाकी*

त्यात एक आवाज जरा चिरका, शेवटचं अक्षर ओढणारा. तो ऐकला की ती आहे, एवढं कळायचं.

"आईकून राह्यला का रे?" उत्तमराव म्हणाला.

देवमननं बोलायचं बटण दाबलं. वॉकीटॉकीवरचा लाल दिवा पेटला आणि विझत चाललेल्या निखाऱ्यासारखा काळवंडला. त्यानं बोट झटकन काढलं. गाणं लांब गेलं, विहिरीच्या तळातून आल्यासारखं. त्यानं घाईनं वॉकीटॉकी बंदच केला.

मग त्याला कळलं की पॅक भरला नव्हता, जळला होता, आणि हातात काय उरलं आहे. ऐकायला थोडी बॅटरी लागते, बोलायला फार. ऐकत बसलं तर बोलायला राहणार नाही. फार तर एक वाक्य उरलं असेल. तेही असलं तर.

तो खांबापाशी येऊन बसला. पाणी घोट्याइतकं होतं, निवळशंख, तळाचे खडे मोजावेत असं. माथ्यावर मात्र ढग उतरला होता, म्हशीसारखा काळा, हलायला तयार नसलेला. आताच सांगावं? आणि पाणी आलंच नाही तर? पुन्हा बाया तिला हसतील, आणि खरं पाणी येईल तेव्हा सांगायला हातात काही नसेल. थांबावं? पण थांबता थांबता पॅक आपोआप मेला तर? वॉकीटॉकी त्यानं पोटाशी धरला. थंडीत बॅटरी बसते असं कोणीतरी म्हटलं होतं. लेकरू धरावं तसा धरला.

पाखरं गप झाली. मग पाण्याचा रंग बदलला. आधी एक पिवळी रेघ आली, तिच्यामागून पळसाची पानं, आणि पानांमागून चहासारखं गढूळ पाणी. खांब थरथरला. लाल खूण अजून हातभर वर होती.

देवमन खुणेकडे बघत राहिला नाही. त्यानं बटण फिरवलं. चौकीचं नाव नाही, ओव्हर नाही, उत्तमरावाची हाक नाही.

"पानी आलं, साऱ्याईले वर काढा!"

दिवा विझला. खरखरही थांबली. शब्द खाली पोचले की डब्यातच मेले, हे सांगणारं कोणी नव्हतं. त्यानं वॉकीटॉकी हलवला, कानाला लावला, हाका मारल्या. मग तो पळत सुटला.

नाला डोंगराला वळसा घालून जायचा, पायवाट खिंडीतून सरळ उतरायची. काट्यांनी पोटऱ्या फाडल्या. डोळ्यांपुढं फक्त खड्डा येत होता, आणि खड्ड्यात वाकलेली एक मान.

खिंडीतून खाली दिसलं तेव्हा पाणी खड्ड्यातून गेलेलं होतं. घमेली लांबवर वाहून गेली होती. आणि काठावर, वर, बाया उभ्या होत्या. त्याला तोंडं दिसेनात. तो लुगड्यांचे रंग शोधत धावत राहिला, आणि मग ती दिसली. ओच्याला चिखल, डोक्यावर चुंबळ तशीच.

"अवो, काय हाल करून घेतले हे!" पंचफुला पुढं आली. "आईकलं आमी. उत्तमभाऊनं हाका मारल्या, तशा चढलो."

देवमननं तिला डोक्यापासून पायापर्यंत न्याहाळलं.

पाणी ओसरलं होतं. खाली चारपाच माणसं पुन्हा खड्ड्यात उतरली होती आणि चिखलात रुतलेला पंप दोर लावून ओढत होती. उत्तमराव काठावरून सांगत होता, "लवकर करा रे! पुढचं पानी आलं तर देवमन सांगनच..."

बोलता बोलता त्याची नजर देवमनवर पडली. पण पंचफुलाच्या ध्यानात ते आधी आलं.

"तुमी इथं. मंग वरतं कोन हाय?"

"कोनी नाई."

"अन् तो डबा?"

देवमननं उत्तमरावाकडे पाहिलं. एवढ्या माणसांपुढं आता लपवायला जागाच नव्हती.

"पॅक मेला, उत्तमराव. मी तो बाहेर चार्ज केला. हुकूम मोडला. वरतं चौकी सुनी हाय. माथ्यावर ढग तसाच हाय."

"अरे देवमन..." उत्तमराव म्हणाला.

पंचफुलानं चुंबळ फेकली आणि काठाच्या टोकाशी जाऊन तिच्या चिरक्या आवाजात ओरडली, "बाहीर या रे बाबांनो! वर पाहाले कोनी नाई! सोडा तो पंप!"

खालच्या माणसांनी माना वर केल्या. त्यांतला एक हसला. "आता कायचं पानी? उतरलं ना?" मग त्यानं देवमनला पाहिलं. ज्यानं वर असायला पाहिजे तोच माणूस काठावर उभा आहे, हे त्याच्या डोळ्यांत हळूहळू उतरलं. दोर हातातून सुटला. सगळे चढू लागले, घसरत, एकमेकांच्या पायांना धरत.

शेवटचा माणूस वर आला तेव्हा सगळे वरच्या वळणाकडे पाहत होते. इतके दिवस देवमन एकटा ज्या बाजूला पाहायचा, त्या बाजूला आता सारा काठ पाहत होता. पंचफुलानं चारचौघांत त्याचा हात धरला. हात गार होता.

वळणामागं पाण्याच्या लोंढ्यात दगडावर दगड घासल्याचा आवाज सुरू झाला.