अर्धा काटा

मुलांनो, जरा डोळे मिटा. बाहेर माघातली भर दुपार आहे, पण तुम्ही बसलात त्या खोलीला खिडकीच नाही. चुलीच्या धुरानं भिंती काळ्या झाल्या आहेत. कोपऱ्यात चटईवर एक म्हातारी पडून आहे. दाराशी एक माणूस मांडीवर काळा डबा घेऊन एकच कळ पुन्हा पुन्हा वर ढकलतो आहे. कळ वर जाते आणि टक्‌कन खाली येते. दिसलं?

तो माणूस म्हणजे रामनगरचा पुंडलिक. देश स्वतंत्र होऊन दहाएक वर्षं झाली होती, तेव्हाची ही गोष्ट. दरवर्षी उळवीच्या जत्रेत तो लोकांचे फोटो काढी. त्याच्या जुन्या डबा-कॅमेऱ्याची कळ खाली असली की फोटो काढताना आतला पडदा क्षणात उघडून मिटे. उन्हातल्या फोटोला तेवढं पुरे. कळ वर असली की आपण मिटवेपर्यंत पडदा उघडा राही. अंधाऱ्या जागी उजेड असा सावकाश आत घ्यावा लागतो, थेंबाथेंबानं घागर भरावी तसा.

जत्रेतून त्याला बाजारकुणंगजवळच्या या वाडीवर त्या म्हातारीचा मुलगा धाकलू घेऊन आला होता. धाकलूची बायको गेली तेव्हा त्यांची फुला तान्ही होती. आता ती जाणती झाली होती. आई कशी दिसायची, असं ती विचारी आणि जो तो वेगळंच सांगे. तिला वाढवलं आजीनं, तुळजानं. आजी अंथरुणाला खिळली तेव्हा फुला बापाला म्हणाली होती, "आज्जीचा फोटू काढ बाबा. मागनं कुणाला इचारायला नको."

"आक्कांना अंगणात घेऊ या का?" पुंडलिकनं विचारलं.

धाकलूनं मान हलवली. "न्हाई मामा. आजाऱ्याचं हातरूण एकदा उंबऱ्याभाईर गेलं की परत आत येत न्हाई. आमची रीतच हाय तशी."

कळ पुन्हा घसरली. पुंडलिकच्या ओळखीचं होतं ते घसरणं. त्याची बायको सुशीला अशीच आतल्या खोलीत पडून होती, तेव्हाही तिच्या फोटोसाठी त्यानं कळ वर केली होती. ती खाली कधी आली, ते त्याला कळलंच नाही. फिल्म धुतल्यावर हाती आला नुसता काळा कागद, आणि दुसरा काढायला सुशीला उरली नव्हती. तेव्हापासून तो उन्हातलेच फोटो काढी. कळ दुरुस्त करायला हात धजत नव्हता.

"काय रं, डबा रुसला?" तुळजा म्हणाली. "का माझं त्वांड बघून भ्याला?"

"डबा म्हातारा झालाय, आक्का."

"मग आमी दोगं संगंच जाऊ की!"

"आये, सुम्म ऱ्हा, असं बोलू नगंस," धाकलू कळवळून म्हणाला.

पुंडलिकनं पुढचा पत्रा काढला. फिल्म पडद्याआड, मागच्या कप्प्यात सुरक्षित होती. कळीची खीळ झिजली होती, म्हणून स्प्रिंग तिला खाली ओढी. तिथे एक बारीक, ताठ पाचर हवी होती. आगकाडी मोडली. बांबूची काडी वाकली.

फुलानं छपराच्या गवतात खोचलेला साळिंदराचा काटा काढून आणला. आजी रोज त्यानं तिचा भांग पाडायची.

"ह्यो चालंल?"

"कापावा लागंल, पोरी."

फुलानं काटा मागे घेतला आणि आजीकडे पाहिलं.

"दे की गं," तुळजा म्हणाली. "भांग बोटानंबी पडतो."

काट्याचं टोक कॅमेऱ्यात गेलं. उरलेला अर्धा फुलाच्या मुठीत राहिला. कळ वर गेली आणि तिथेच थांबली. पुंडलिकचा विश्वास बसेना. त्यानं ती खाली घेतली, वर केली, परत खाली घेतली, परत वर केली.

धाकलूनं छपराचं गवत सारलं. उजेडाचा पट्टा खाली उतरला. तुळजाला भिंतीशी टेकवून बसवलं, फुला तिला बिलगली. कॅमेरा पालथ्या उखळावर ठेवून पुंडलिक म्हणाला, "आता कुणी हलायचं न्हाई."

त्यानं पडदा उघडला. त्या दोघींकडे त्याचं लक्षच नव्हतं. तो कळीकडे बघत राहिला. ती घसरली नाही.

शिमगा झाल्यावर पुंडलिक तो फोटो घेऊन आला. कोपऱ्यातली चटई गुंडाळून उभी करून ठेवली होती. ती पाहून दारातच त्यानं टोपी काढली.

"आक्कांचा हात हलला," फोटो फुलाच्या हाती देत तो म्हणाला. "तेवढा बिघडलाय बघ."

दोघींचे चेहरे स्वच्छ आले होते. तुळजा हसू दाबत होती. फक्त फुलाच्या केसांवर, जिथे आजीचा हात असायला हवा, तिथे चुलीच्या धुरासारखा एक पांढरा फराटा होता.

फुलानं फोटो दाराच्या उजेडात नेला. बराच वेळ पाहिला.

"बिघडला न्हाई, मामा," ती म्हणाली. "भांग पाडतीया."

मग तिनं फोटो भिंतीला टेकवून ठेवला, छपरातून अर्धा काटा काढला आणि त्याच्यासमोर मांडी घालून बसली. भांग वाकडा पडला. तिनं तो मोडला आणि काटा पुन्हा कपाळाला टेकवला.