मामांचं मूळ आणि साठावरचा काटा

रविवारी सकाळी अकराच्या पुढे, जानेफळच्या शाळेजवळ, चिखलीकडून येणारी एक जीप हवालदार हिंमतरावांनी हात करून अडवली. साल त्रेसष्ट, वैशाखाचे दिवस. जीप इंद्रभान चालवत होता आणि शेजारी कोरा फेटा बांधलेले एक गृहस्थ ताठ बसले होते. मागच्या बाकावर कोणीच नव्हतं. पाटीवर वेगाची मर्यादा वीस मैल लिहिली होती.

हवालदारांनी धूळ खाली बसू दिली, मिशीवरची झटकली आणि म्हणाले, "पन्नासनं येऊन राह्यला होता बे तू! वीसची पाटी दिसली नाही?"

"जमादारसाहेब, तिकडे लग्न खोळंबलं..." इंद्रभान हात जोडत खाली उतरला.

"पन्नास?" फेटेवाले गृहस्थ जीपमधूनच कडाडले. "पन्नास काऊन लिहिता? साठ लिहा! म्या सोता काट्यावर पाह्यलं."

हवालदारांना आयता साक्षीदार मिळाला. त्यांनी आपले पन्नास कायम ठेवले, गृहस्थांची साठाची जबानी वेगळी घेतली, खाली सही घेतली आणि मग जीप सोडली.

हे गृहस्थ म्हणजे चिखलीचे महादेवराव, नवरीचे सख्खे मामा. नवरीच्या बापाने, म्हणजे अर्जुनरावांनी, मेव्हण्याला लग्नाची नुसती पत्रिका टपालाने पाठवली होती. मूळ पाठवलं नव्हतं. लग्नाला नेण्यासाठी घरचं माणूस गाडी घेऊन दारात येतं, ते मूळ. ते आल्याशिवाय मामाने उंबरा ओलांडायचा नाही, ही महादेवरावांच्या घरची रीत. ते पहाटे अंघोळ करून, फेटा बांधून, ट्रंकेवर बसून राहिले आणि बसूनच राहिले. इकडे जानेफळला मांडवात प्रश्न उभा राहिला, की अंतरपाटाजवळ नवरीला आणायचं कोणी, आणि मंगलाष्टकांना तिच्या मागे उभं राहायचं कोणी?

"इंद्रभान, तूच जा बावा," अर्जुनराव भावकीतल्या इंद्रभानाला म्हणाले. "तुह्या जीपपेक्षा मोठं मूळ जिल्ह्यात नाही."

इंद्रभानाने नको म्हणणं शक्यच नव्हतं. महादेवरावांच्या सिंधूशी त्याची सोयरीक चालली होती. मामा "पाहू" म्हणत होते आणि हे पाहणं दिवाळीपासून चाललं होतं. जावई गाडीवाला पाहिजे, एवढीच त्यांची अट होती. इंद्रभानाने लष्कराच्या लिलावातली जीप घेतली होती आणि तिच्यावर तो बाजाराच्या सवाऱ्या मारायचा. लायसन घेतल्यापासून त्याच्यावर एकही खटला नव्हता.

लग्न लागलं. मामा नवरीच्या मागे असे उभे राहिले की फोटोत नवरीपेक्षा फेटाच जास्त आला. पंगतीत त्यांनी वाढप्यालाही सांगितलं, "आमचं मूळ साठनं आलं." सोमवारी चिखलीच्या धान्यबाजारात सांगितलं. आठवडाभरात अशी अवस्था झाली, की ज्याच्या घरी बैलगाडीचं मूळ आलं होतं तो मामांसमोर तोंड वर करीना.

इंद्रभानाला मात्र एक गोष्ट ठाऊक होती आणि ती त्याने कोणालाही सांगितली नव्हती. जीपचा काटा घेतल्या दिवसापासून साठावर अडकलेला होता. जीप धावताना साठ, झाडाखाली उभी असताना साठ, बैल जुंपून नाल्यातून ओढून काढली तेव्हाही साठ. त्या रविवारी ती फार तर पस्तीसने आली असेल, तीही उतारावर.

समन्स आलं तसा तो उत्तमराव वकिलांकडे गेला. त्यांना काट्याचं सांगितल्यावर वकील खुर्चीतून उठलेच.

"अरे, मग भितोस कशाला? हवालदाराचा आकडा धुळीवरून काढलेला. उरला तो मामा, अन् त्याची साक्ष त्या काट्यावर. जीप कोर्टाच्या दारात उभी करू, साहेबांना काटा दाखवू. सुटलास!"

"अन् मामाले लोक हसतीन त्याचं काय? मंग पोरगी देते का तो?"

"नाही तर गुन्हा कबूल कर. पण शाळेसमोर दुपटीहून जास्त वेग आहे, बाबा. पहिला गुन्हा असला तरी साहेब सहा महिने लायसन अडकवतील."

बिनलायसनचा जावई मामांना चालणार नव्हता. इंद्रभान घरी आला आणि आईला, सोजराबाईला, सगळं सांगितलं. तिने भाकर थापता थापता ऐकून घेतलं.

"म्हंजे खरं बोललं तरी सोयरीक मोडते, खोटं बोललं तरी मोडते," ती म्हणाली. "तू त्या दिवशी सायकलनं काऊन नाही गेला रे?"

तारखेला तालुक्याच्या कोर्टात गर्दी होती, कारण मामांनी चिखलीहून स्वतःची माणसं आणली होती. मॅजिस्ट्रेट पुण्याकडचे, नवेच बदलून आलेले. त्यांनी गुन्हा कबूल आहे का विचारलं. इंद्रभान "विचार करून सांगतो" म्हणाला. विचार आधी करून यायचा असतो, असं त्यांनी त्याला शांतपणे समजावलं आणि साक्षीदाराला बोलावलं.

मामा पिंजऱ्यात फेटा सावरत उभे राहिले.

"गाडीचा वेग किती होता?"

"साठ. कमी नाही. एक कावळा आमच्यासंग उडून राह्यला होता, तो थकून बाभळीवर बसला."

"आरोपपत्रात पन्नास आहे."

"ते जमादाराचं. त्याले मोजताच आलं नाही. दहा मैल कोठी गेले, त्याले पुसा."

हवालदार हिंमतराव चुळबुळले. उत्तमराव उठले, "साहेब, साक्षीदारांनी काटा पाहिला म्हणतात. जीप बाहेर..." इंद्रभानाने त्यांचा कोट मागून असा ओढला, की वकील वाक्यासकट खाली बसले.

"गुन्हा कबूल आहे, साहेब!" इंद्रभान ओरडला.

"किती मैलांचा?" साहेबांनी विचारलं.

इंद्रभानाने मामांकडे पाहिलं. मामांनी भुवया वर केल्या. हवालदारांनी पाचही बोटं दाखवली. साहेबांनी टाक खाली ठेवला आणि म्हणाले, "गाडी मी स्वतः बघतो."

सगळं कोर्ट अंगणात उतरलं. मामा सर्वांत पुढे. "या साहेब, म्या अथी बसलो होतो." त्यांनी वाकून काचेवरची धूळ फेट्याच्या शेवाने पुसली. जीप कडुनिंबाखाली मुकाट उभी होती, किल्ली वकिलांच्या खिशात होती आणि काटा साठावर होता.

इंद्रभानाने डोळे मिटून घेतले. मामांनी काट्याकडे पाहिलं, इंद्रभानाकडे पाहिलं, परत काट्याकडे पाहिलं. मग ते सरळ झाले आणि आपल्या माणसांकडे वळले.

"पाहा! त्या दिवशीचा काटा अजून खाली उतरला नाही. असं मूळ आलं होतं आमचं!"

चिखलीकरांनी टाळ्या वाजवल्या. साहेबांनी रुमाल तोंडावर धरला आणि तो बराच वेळ काढला नाही. नंतर आत जाऊन त्यांनी हुकूम दिला, की मोटार इन्स्पेक्टरने काट्याची तपासणी करून अहवाल द्यावा, तोवर जीप ठाण्यात राहील आणि लायसन इंद्रभानाकडे.

मामांना खरोखरच तसं वाटलं होतं, का त्यांनी जाणूनबुजून वेळ निभावून नेली, हे इंद्रभानाला अजून कळलेलं नाही. विचारायची त्याची छाती नाही. सोयरिकीचं "अहवाल येऊ द्या" असं मामा म्हणतात. दरम्यान ते पाहुण्यांना ठाण्यात नेऊन काटा दाखवतात.

परवा त्यांनी सिंधूलाही नेलं. तिने आत वाकून नीट पाहिलं, काचेवर बोटाने टकटक केलं, आणि काटा सरसर खाली येऊन पस्तीसावर थांबला.

"बाबा, पस्तीस," ती म्हणाली.

हवालदार हिंमतरावांनी लगेच पंचनामा लिहिला. एका पंचाची सही झाली आहे. दुसरे पंच मामा आहेत. ते काल दुपारपासून ठाण्याच्या ओट्यावर, फेटा बांधून, टाक हातात धरून बसले आहेत.