भांड्यात पडलेला जीव

मित्रांनो, मी एक जुना सूक्ष्मदर्शक आहे. मला डोळा एकच. पण काणा म्हणू नका हं. या एका डोळ्याने मी जे पाहिलं, ते पाहायला दोन डोळ्यांची माणसं माझ्याकडे येत असत.

एका म्हाताऱ्या कारागिराने काच घासून घासून मला नजर दिली. घासताना तो ओठांतल्या ओठांत काही पुटपुटे. तो जप होता की आकडेमोड, मला कधी कळलं नाही. पितळी नळी, पायाशी उजेड पकडणारा छोटा आरसा, असा नटूनथटून मी एका शाळेच्या प्रयोगशाळेत आलो. तिथल्या विज्ञानाच्या बाईंचा एक नेम होता. सकाळी कुणाशीही बोलण्याआधी त्या मऊ फडक्याने माझं भिंग पुसत. अंगात ताप असला तरी त्यांचा हा नेम चुकला नाही. मुलांना त्या पहिला धडा देत, "एक डोळा भिंगाला लावा, पण दुसरा मिटू नका."

कांद्याचा पापुद्रा, माशीचा पाय, रक्ताचा थेंब दाखवत पुष्कळ वर्षं कौतुकात गेली. मग पडद्यावर चित्र दाखवणारं नवं यंत्र आलं आणि मी फुटक्या काचेच्या नळ्यांशेजारी कपाटात गेलो. मुलं मला विसरली. बाई मात्र रोज कपाट उघडून मला पुसत राहिल्या.

एका दुपारी शाळा सुटल्यावर आठ वर्षांची एक मुलगी दोन्ही हातांत पातेलं धरून आली. एका जागी ठरत नसे, म्हणून तिला सगळे भिंगरी म्हणत. त्या दिवशी मात्र ती पावलं मोजून टाकत होती.

"बाई, धक्का लावू नका! यात बाबांचा जीव आहे."

"काय आहे म्हणालीस?"

हळूहळू उलगडा झाला. बाबांचं पोटाचं मोठं ऑपरेशन होतं. तान्ह्या भावामुळे आई घरीच होती, पातेलं विसळत होती. तेवढ्यात दवाखान्यातून आत्याचा फोन आला की सगळं नीट पार पडलं. आई पातेलं खाली ठेवत म्हणाली, "देवा, पडला एकदाचा जीव भांड्यात!"

भिंगरीने ते पातेलं पलंगाखाली लपवलं. जीव सुकू नये म्हणून पाणी घातलं, उपाशी राहू नये म्हणून वाळकं गवत टाकलं. आठ दिवसांनी बाबा घरी आले, पण ना हसणं ना बोलणं. नुसते भिंतीकडे पाहत बसत. त्यालाही आता चार दिवस झाले होते.

"हसतील कसे? जीव तर इथे आहे! आईला पातेलं सापडलं तर ती घासून टाकेल. त्याआधी तुम्ही शोधून द्या ना."

पाण्याला चांगलाच वास येत होता. बाई हसल्या नाहीत, नाकही मुरडलं नाही. नव्या यंत्राची किल्ली मुख्याध्यापकांकडे होती. म्हणून बाईंनी मलाच बाहेर काढलं आणि माझ्या नजरेखाली एक थेंब ठेवला.

"बाई! पळतोय! अय्या, किती आहेत! यातला बाबांचा कोणता?"

"हे जीवच आहेत गं, पण गवताबरोबर आलेले. बाबांचा जीव बाबांपाशीच आहे."

"मग ते हसत का नाहीत?"

जीव सगळ्या अंगभर असतो हे दाखवायला बाईंनी बोथट काडीने तिच्या गालाचा आतला भाग हलकेच खरवडला आणि ते काचेवर घेऊन दाखवलं. "ही बघ तू."

"एवढीशी?"

"अशा कितीतरी कोटी पेशी मिळून तू."

"मग त्यातली 'मी' कुठली?"

बाई माझ्याकडे पाहू लागल्या. मित्रांनो, मी खाली मान घातली. इतकं बारीक बारीक दाखवलं, पण ते मला कधी दिसलं नव्हतं.

"मला ठाऊक नाही, बाळ," बाई म्हणाल्या. "मी या भिंगातून पाहते आणि हात जोडते."

तेवढ्यात तिला शोधत, दाराचा आधार घेत, पोटावर हात धरून शाळेसमोरच राहणारे भिंगरीचे बाबा आले. "भिंगरे, घरी पातेल्यासाठी शोधाशोध चाललीय!"

बाईंनी हलक्या आवाजात त्यांना सगळं सांगितलं. ते माझ्यावर वाकले.

"दुसरा डोळा मिटू नका," भिंगरी अगदी बाईंच्या थाटात म्हणाली.

त्यांनी तो उघडला. एका डोळ्यात थेंबातली धावपळ, दुसऱ्यात श्वास रोखून उभी असलेली लेक.

"बारा दिवस यांना तू जेवू घातलंस?"

"तुमचाच जीव ना तो! मग उपाशी ठेवू?"

बाबांना हसू फुटलं. टाके दुखले तसं "आई गं" म्हणत पोट धरलं आणि पुन्हा हसले.

"गेला!" भिंगरी ओरडली. "बाई, डोळ्यातून आत गेला!"

बाईंनी तिची चूक सुधारली नाही.

पातेल्यातलं पाणी शाळेमागच्या डबक्यात हळूच सोडलं. जीव कुणाचाही असो, मोरीत ओतायचा नाही, असं भिंगरीचं म्हणणं पडलं.

मित्रांनो, माझ्या भिंगाला बोट लावू नका, मऊ फडक्याने पुसा. मला कपाटात ठेवलंत तरी चालेल. पण पाहाल तेव्हा दुसरा डोळा मिटू नका. त्याच्यासमोर कुणीतरी श्वास रोखून उभं असतं.