आईची स्टेप

आईने फक्त हसायचं होतं. काचेपलीकडच्या खोलीत माइकसमोर उभं राहायचं, पडद्यावरची स्वतःची तरुणपणची छबी तोंड उघडेल तेव्हा आपणही तोंड उघडायचं आणि हसायचं. त्याऐवजी तिने अशी किंकाळी फोडली की माझ्यासमोरचा आवाजाचा काटा थेट लालमध्ये गेला आणि शेजारी बसलेल्या दादाच्या मांडीवर अख्खा चहा सांडला.

मी चटकन घाबरणाऱ्यातली नाही. पण ती किंकाळी आठवली की आजही मी हातातलं काम बाजूला ठेवते.

मी सिनेमांसाठी आवाज बनवते. पडद्यावर नटी चालते, पाय माझे असतात. गवतातून चालायचं असेल तर मी जुन्या कॅसेटची फीत चुरगाळून पसरते आणि तिच्यावर चालते, कारण खऱ्या गवताचा आवाज माइकपुढे अगदीच मेंगळट येतो. कुणाचं हाड मोडायचं असेल तर गाजर मोडते. सिनेमा आपण डोळ्यांनी बघतो असं लोकांना वाटतं. वाटू दे बापड्यांना, माझं पोट त्याच्यावरच चालतं.

बाबांना पंचाहत्तर वर्षं पूर्ण होणार होती. भेट काय द्यायची यावर घरात बराच खल झाला आणि शेवटी वहिनीने तोड काढली, "वन्सं, आपल्या घरच्या फिल्मला तुम्ही आवाज का नाही देत?"

घरची फिल्म म्हणजे बाबांनी तरुणपणी हौसेने घेतलेल्या कॅमेऱ्यावरचं एकुलतं एक रीळ. दोन-तीन मिनिटांचं असेल, मुकं. एका तळ्याकाठची सहल. चार वर्षांचा दादा कॅमेऱ्याला जीभ दाखवतो. सतरंजीवर दुपट्यात गुंडाळलेली मी. आणि मग आई येते. लांबून, तळ्याच्या बाजूने, केस सुटलेले, एक हात वर, दुसरा मागे झोकलेला, तोंड उघडं, अशी डुलत डुलत कॅमेऱ्याकडे येते. मध्येच एक गिरकी घेऊन खाली बसते, उठते, पुन्हा तोच हात वर, तोच हात मागे. शेवटी चित्र आडवं होतं आणि नुसतं गवत दिसतं. त्याला आम्ही बाबांची घसरगुंडी म्हणायचो.

ही फिल्म बाबा नेहमी एका ठेकेबाज गाण्यावर लावायचे. आधी रेकॉर्ड, मग कॅसेट, मग आणखी काय काय, पण गाणं तेच. त्या गाण्याशिवाय ही फिल्म आम्ही भावंडांनी कधी पाहिलीच नव्हती. गाणं सुरू झालं की सगळे टाळ्या धरायचे आणि आई दिसली की उठून तिच्यासारखं नाचायचे, एक हात वर, एक हात मागे. "आईची स्टेप" म्हणूनच ती प्रसिद्ध होती. आमच्याकडे कुणाचं लग्न असो, बारसं असो, ही स्टेप झाल्याशिवाय कार्य पार पडत नसे. दादाने स्वतःच्या लग्नात केली होती, आणि बाबा तर दर वाढदिवसाला करायचेच.

दादाची मात्र या घरात वेगळ्याच कारणासाठी टिंगल व्हायची. तो पाण्याला भितो. पन्नाशीचा, सहा फुटी, कारखान्यात शंभर माणसांना कामाला लावणारा गडी अजून डोक्यावरून पाणी घेत नाही. कान धरून, डोळे मिटून, तांब्या-तांब्याने कशीबशी अंघोळ उरकतो. त्याला आम्ही कोरडेशास्त्री म्हणतो. इथवर गंमत होती. पण त्याच्या मुलीला पोहायला शिकायचं होतं, गेली दोन वर्षं ती रडत होती, आणि दादा हट्टाला पेटला होता. का नाही म्हणतोस विचारलं की सांगता येत नसे, नुसता घामाघूम व्हायचा. वहिनीने त्यावरून अबोला धरला होता. लेक तर परवा तोंडावर म्हणाली, "बाबा, तू घाबरट आहेस आणि मलाही घाबरट करणार." त्या रात्री तो जेवला नाही.

असो. मी कामाला लागले. गाणं कानात ठेवूनच आईची पावलं टाकायला घेतली, आणि काही केल्या ती बसेनात. आई तालात पडतच नव्हती. एक पाऊल आधी, दोन नंतर. मला वाटलं, आईला ताल नाही, आपणच सांभाळून घेऊ. मी पावलं इकडेतिकडे सरकवून ठेक्यावर आणली. गंमत म्हणून बाबांच्या कॅमेऱ्याची घरघरही घातली, शिवणयंत्र कापडात गुंडाळून. झकास झालं. राहिलं होतं फक्त आईचं हसणं.

ते मला दुसऱ्या कुणाकडून घ्यायचं नव्हतं. आमच्यात रीतच आहे, ज्याचं तोंड त्याचा आवाज, माणूस हयात असेल तर. सुटीच्या दिवशी स्टुडिओ रिकामा असतो, तेव्हा दादाने आईला गाडीतून आणलं.

"काय बोलू गं?" आईने विचारलं.

"बोलू नकोस, हस. तिथे तोंड उघडलंयस ना, तिथे."

"एवढ्यासाठी बोलावलंस? घरी हसले असते की."

दादा चहा पीत मिश्कील हसत होता. मी गाणं बंद केलं. आवाज घेताना गाणं बंदच ठेवावं लागतं, नाहीतर ते आईच्या कानावरच्या हेडफोनमधून झिरपून माइकमध्ये येतं. म्हणजे ती फिल्म आम्ही भावंडं पहिल्यांदाच गाण्याशिवाय पाहत होतो. हे माझ्या ध्यानीमनीही नव्हतं.

पडद्यावर आई आली. तोंड उघडलं.

"टिल्लूऽऽ!"

आणि मग पुन्हा, पुन्हा, घसा फाटेपर्यंत. "टिल्लू! अहो! अहो, टिल्लू!" काचेपलीकडे सत्तरीची माझी आई दोन्ही हात पुढे करून पडद्याकडे धावत सुटली आणि हेडफोनची वायर ताणून जागीच अडकली. आणि तिचं एकूण एक अक्षर पडद्यावरच्या ओठांवर असं चपखल बसत होतं, जसं भल्याभल्या कलाकारांना दहा प्रयत्नांत बसवता येत नाही.

मी तशीच बसून राहिले. रेकॉर्डिंग थांबवायचं बटण दाबायचंही सुचलं नाही. टिल्लू कोण? आमच्या घरात टिल्लू नावाचं कुणी नव्हतंच.

"मी," दादा म्हणाला. मी काही विचारलेलं नव्हतं. मांडीवरून गरम चहा ओघळत होता आणि त्याला पत्ता नव्हता. "मी टिल्लू. मला... आत्ताच आठवलं."

पडद्यावर तळं होतं. आईच्या मागे, अगदी कोपऱ्यात, पाण्यावर एक चेंडू तरंगत होता. तो चेंडू मी शंभरदा पाहिला असेल. सुंदर दिसतो म्हणून चित्राचे रंग सुधारताना मी तो आणखी लाल केला होता! आणि आईचा तो मागे झोकलेला हात. ती नाचत नव्हती. ती पाण्याकडे बोट दाखवत होती.

लग्नातला दादा डोळ्यांपुढे आला, गळ्यात हार घालून, एक हात वर, एक हात मागे, स्वतःच्या बुडण्यावर नाचणारा.

आम्ही धावत आत गेलो. आई जमिनीवर बसली होती. तिने दादाचा चेहरा दोन्ही हातांनी चाचपला.

"मी नाचत नव्हते रे," ती म्हणाली.

"मग इतकी वर्षं बोलली का नाहीस?" मी ओरडलेच.

"विसरले होते गं. शपथ, विसरले होते. हा बुडत होता ते आठवायचं, कुणाला सांगवायचं नाही, पण ती वेगळीच सहल वाटायची. या सहलीत मी नाचले होते, तेवढंच डोक्यात." तिने पडद्याकडे पाहिलं. "रीळ धुऊन आलं तेव्हा ह्यांनी एकदाच लावलं. निम्म्यात दिवा लावून बाहेर निघून गेले. दुसऱ्या दिवशी ती रेकॉर्ड घेऊन आले. पहिल्यांदा मी उठून आत गेले. मग एकदा बसले. मग कधी टाळ्या वाजवायला लागले ते कळलंच नाही."

"आणि ते गवत?" दादाने विचारलं. "घसरगुंडी?"

"कॅमेरा फेकला त्यांनी. कपड्यांसकट उडी मारली. तुला उलटं धरून पाणी काढलं. त्यानंतर मी तुला टिल्लू म्हणून हाक मारली नाही. तोंडातून निघेचना."

मी आईच्या कानावरचा हेडफोन काढला. मग मी म्हटलं, "मी हे पुसून टाकते. गाणं लावू नेहमीचं."

"नको," दादा म्हणाला. "आवाज ठेव. सगळा ठेव."

"अरे, त्यांचं वय..." आई म्हणाली.

"माझंही झालंय वय, आई. माझ्या लेकीला कळू दे मी का घाबरतो ते."

मी गाणं काढलं. सरकवलेली पावलं परत जागच्या जागी ठेवली. आता ती बरोबर बसली. धावणाऱ्या बाईची पावलं होती ती, तालात पडणार कशी?

वाढदिवसाच्या दुपारी बैठकीत पडदे ओढून अंधार केला. सगळी जवळची माणसं दाटीवाटीने बसली होती. आई सकाळपासून बाबांना सांगू पाहत होती, पण ते हसतमुखाने प्रत्येकाला एकच बजावत होते, "गाणं मोठ्याने लावायचं हं."

चित्र सुरू झालं. गाणं लागलं नाही, तर लोकांनी स्वतःच म्हणायला सुरुवात केली. चालीसकट, टाळ्यांसकट! कॅमेऱ्याची घरघर, गवत, चार वर्षांच्या दादाचं खिदळणं, सगळं त्या टाळ्यांत बुडून गेलं. पडद्यावर आई आली आणि बाबा सवयीने खुर्चीतून उठले. एक हात वर. एक हात मागे.

"टिल्लूऽऽ!"

टाळ्या जागच्या जागी थांबल्या. अर्धी ओळ कुणाच्या तरी तोंडात तशीच राहिली. अंधारात फक्त आईची किंकाळी, पळती पावलं आणि ती घरघर ऐकू येत होती. मग धप्प, मग गवत.

बाबांचा हात वरच होता. पडद्याच्या उजेडात त्यांचा चेहरा मला स्पष्ट दिसत होता, आणि तो ज्याला काही आठवत नाही अशा माणसाचा चेहरा नव्हता.

"ही घरघर," ते म्हणाले. "हीच होती कानाशी. मला दुसरं काही ऐकूच आलं नाही. मला वाटलं, नाचतेय. छान दिसत होती, म्हणून मी घेत राहिलो." त्यांनी दादाकडे पाहिलं. "घेत राहिलो रे मी."

त्यांना हात खाली घेता येईना. दादा उठला, माणसांतून वाट काढत त्यांच्यापाशी गेला आणि तो हात त्याने दोन्ही हातांनी धरून हळूहळू खाली आणला. बाबांनी दुसऱ्या हाताने त्याचे केस चाचपले, ओले आहेत का बघावं तसे.