दुसऱ्या वळणाचा चढ

माईंनी क्लच सोडला आणि गाडी पुढे जायच्या ऐवजी मागे घरंगळली. हातभरच, पण मागच्या सीटवर बसलेल्या वन्सं इतक्या जोरात खाकरल्या की कुंपणावरचे दोन पक्षी उडून गेले.

"ब्रेक," उस्ताद म्हणाले. तीस वर्षं बस चालवून निवृत्त झालेला हा शेजारी कधी आवाज चढवत नसे. "आता हँडब्रेक ओढा. श्वास घ्या. आपल्याला कसली घाई नाही."

"मागच्या माणसाला आहे," वन्सं म्हणाल्या. "घरी जायची. देवाघरी नव्हे."

माई हसल्या आणि हसता हसता गाडी बंद पडली.

ही गाडी माईंच्या यजमानांची. ते गेल्यापासून वर्षभर ती ताडपत्रीखाली उभी होती. टेकडीवर पंचवीस-तीस घरं, दाट झाडी आणि एकच वळणावळणाचा रस्ता. शहराची बस पायथ्याशी थांबायची आणि तिथून वर येणारी छोटी बस दोन महिन्यांपूर्वी बंद झाली होती. मग उरला तो पायी चढ. त्याची तीन वळणं, आणि दुसरं असं उभं की दूधवालासुद्धा सायकलवरून उतरून ती ढकलत नेई. माईंचे पाय अजून धड होते, पण वन्संचे गुडघे त्या चढाला कधीच शरण गेले होते.

"आई, हे असं किती दिवस चालणार?" मुलानं फोनवर विचारलं होतं.

"चालतोय कुठे? चढतोय," माई म्हणाल्या होत्या. तो हसला नव्हता.

मुलगा वाईट नव्हता. रोज फोन करायचा, औषधं संपायच्या आत पाठवायचा. त्यानं आपल्या इमारतीतच तिसऱ्या मजल्यावर दोन खोल्या बघून ठेवल्या होत्या. लिफ्ट होती, खालीच दवाखाना होता. दोन महिन्यांनी एका रविवारी येऊन सगळं ठरवून टाकू, म्हणाला. त्याच्या बोलण्यात खोट काढायला जागा नव्हती आणि माईंना नेमका त्याचाच त्रास झाला. फोन ठेवल्यावर त्या बराच वेळ ओट्याशी उभ्या राहिल्या. मग बाहेर गेल्या आणि गाडीवरची ताडपत्री ओढून काढली.

दुसऱ्या दिवशी उस्तादांची आखूड करून दिलेली पँट पोचवायला गेल्या, तेव्हा घडी त्यांच्या हातात देत, सहज विचारावं तसं माईंनी विचारलं, "बासष्टाव्या वर्षी गाडी येते का हो शिकता?"

"पायात ताल असला की येते."

ताल होता. शहरातल्या पुलाखालच्या दुकानात चाळीस वर्षं त्यांनी शिलाई मशीन चालवलं होतं. वरून गाड्या गेल्या की सुई थरथरायची. इथं आल्यावर पहिल्यांदा त्यांना स्वतःच्या मशीनचा आवाज नीट ऐकू आला होता. टेकडीवरची माणसं पडदे, उसवलेले खिसे, नातवंडांचे फ्रॉक घेऊन फाटकाशी येत, टाका घालून होईपर्यंत पायरीवर बसत आणि काम झाल्यावरही उठत नसत.

"जाड कापड आलं की पायडल कसं दाबता?" उस्तादांनी शिकवणीच्या तिसऱ्या दिवशी विचारलं.

"हळू. सुईला आधी कापड कळू देते."

"मग गाडीला आधी चढ कळू द्या. तोवर क्लच सोडू नका."

प्रत्येक शिकवणीला वन्सं न बोलावता मागे बसत. साक्षीदार नको का कुणी, म्हणत. त्या माईंच्या थोरल्या नणंद. छत्तीस वर्षं टेलिफोन एक्स्चेंजमध्ये नोकरी, लग्न केलं नाही, आणि भावानं इथं घर बांधल्यावर पेटी घेऊन आल्या त्या तक्रारी करतच. इथं कावळासुद्धा चारदा विचार करून येतो. इथं माणूस हरवला तर शोधायलाही माणूस मिळायचा नाही. मुलाला वाटायचं, आत्या तरी एका पायावर तयार होईल. माईंनाही तेच वाटायचं. म्हणून त्यांनी वन्संना काही विचारलंच नव्हतं.

माई दुसऱ्या खेपेला परीक्षा पास झाल्या. वन्संनी परवाना डोळ्यांजवळ नेऊन पाहिला.

"पास केलं? सोपी असणार परीक्षा."

ठरलेल्या रविवारी मुलगा बसमधून उतरला तेव्हा समोर वडिलांची गाडी उभी होती. खिडकीतून आई बघत होती. तो जवळ आला, काखेत कागदांची फाइल, आणि त्यानं सवयीनं चालकाच्या बाजूचं दार उघडलं.

"सरक, आई."

"तिकडून बस."

"तू? आत्या, हे काय चाललंय?"

"पट्टा लाव," वन्सं मागून म्हणाल्या.

पहिलं वळण सुरेख गेलं. मुलानं एका हातानं फाइल आणि दुसऱ्यानं वरची कडी घट्ट धरली होती. दुसऱ्या वळणावर कुंपण छाटणाऱ्या माळ्याची हातगाडी आडवी होती. माईंना थांबावं लागलं, तेही नेमकं उभ्या चढावर. माळ्यानं फांद्यांसकट हातगाडी बाजूला घेतली. माईंनी क्लच सोडला, गाडीला हिसका बसला आणि ती बंद पडली. पुन्हा सुरू केली, पुन्हा बंद.

"उतर आई, मी घेतो."

माईंचा हात चावीवर थांबला.

"ती घेईल," वन्सं म्हणाल्या.

"आत्या, अगं तूच तर म्हणतेस ना, इथं करमत नाही म्हणून?"

"म्हणते. म्हणायला काय जातंय?" वन्संनी खिडकीची काच पूर्ण खाली केली. "छत्तीस वर्षं दोन्ही कानांत माणसं बोलत होती रे. बाथरूममध्येसुद्धा घंटी ऐकू यायची. इथं आल्यावर थांबली. मी काही चार दिवसांच्या मुक्कामाला आलेली नाही इथं."

माईंनी आरशात पाहिलं. वन्सं बाहेर झाडांकडे बघत होत्या.

"आणि वजन जास्त होतंय," वन्सं पुढे म्हणाल्या. "तू उतर."

तो उतरला. माईंनी हँडब्रेक ओढला, श्वास घेतला आणि क्लच हळूहळू वर येऊ दिला. इंजिनाचा आवाज जाड झाला, गाडीचं नाक किंचित उचललं गेलं. त्यांनी हँडब्रेक सोडला. गाडी निघाली. आता चढावर पुन्हा थांबायची त्यांची छाती नव्हती.

"वन्सं, तो मागेच राहिला."

"राहू दे. पाय आहेत त्याला." आणि वन्सं हसायला लागल्या, अशा की डोळ्यांतून पाणी आलं आणि चष्मा काढून पुसावा लागला.

दहा मिनिटांच्या चढाला मुलानं चांगला पाऊण तास घेतला. फाटकातून आत आला तेव्हा चेहरा लाल, केसांत एक पान आणि खांद्यावर कुणाची तरी पँट.

"प्रत्येक फाटकातून एकच प्रश्न, माईंचा मुलगा ना?" पायरीवर बसत तो म्हणाला. "एकांनी पाणी दिलं. एकांनी त्यांचं सगळं आजारपण सांगितलं. आणि एकांनी ही दिलीय, चेन बदलायला. बुधवारपर्यंत हवीय म्हणे."

"तो माणूस नेहमी बुधवारच सांगतो," माई म्हणाल्या आणि त्याच्यासमोर चहा ठेवला.

वारा आला की सगळी टेकडी एकदम सळसळे, मग पुन्हा शांत होई. त्यानं बूट काढले, मोजे काढले, पाय लांब केले. फाइल गाडीतच राहिली होती. ती आणायला कुणी उठलं नाही.

कप रिकामा झाल्यावर त्यानं विचारलं, "पुढच्या रविवारी पावणेदहाच्या बसनं आलो, तर खाली येशील न्यायला?"

माईंनी ती पँट मांडीवर पसरून जुन्या चेनचा पहिला टाका उसवला.

"येईन की," त्या म्हणाल्या. "येताना एक काळी चेन घेऊन ये. सात इंची."