पडदा नसलेला कॉम्प्युटर

दहावं उरकून पुरुषमंडळी नदीवरून परत आली, आणि माजघरापलीकडच्या खोलीत बाबांचा कॉम्प्युटर बोलायला लागला.

बाईचा आवाज होता. भरभर, घरातल्या कुणालाच न कळणाऱ्या भाषेत. सुंदराआत्याच्या हातातला तांब्या खाली पडला.

"अगो बाई! सयाजीच्या खोलीत कोण बोलतंय?"

"कोणी नाही, आत्या. यंत्र आहे ते."

"यंत्राला सुतक नाय काय? बंद कर आधी."

माझा धाकटा भाऊ ओंकार आत गेला आणि दारातच थबकला. "ताई, ह्याला स्क्रीनच नाय. बंद कुठनं करू?"

स्क्रीन नव्हताच. बाबा पोलादपूरच्या एसटी स्टँडवर कंट्रोलर होते. भोंग्यावरून गाड्या पुकारण्यात त्यांचा जन्म गेला. निवृत्तीनंतर काचबिंदूने डोळे गेले. मग ते पुण्याला एका शिबिरात स्क्रीन रीडर शिकून आले. पडद्यावर जे काही असेल ते हा प्रोग्रॅम मोठ्याने वाचून दाखवतो. आपण बटण दाबलं की ते अक्षरही बोलतो. शिकून झाल्यावर त्यांनी मॉनिटर शाळेला देऊन टाकला. म्हणाले, "ती डोळेवाल्यांची वस्तू. मला कशाला?" त्या प्रोग्रॅममध्ये त्यांना स्पॅनिश आवाज सापडला, तो आवडला, आणि ते स्पॅनिश शिकू लागले. वेळ जातो, एवढंच आम्हाला सांगायचे. आम्हीही त्यापुढे काही विचारलं नाही.

ते गेले तेही असेच. चहा मागितला, आणि चहा येईपर्यंत गेले. मी पुण्याहून आले तेव्हा कप तसाच होता, वर साय धरलेली. कुणी उचलला नव्हता.

"राहू दे, मी बघते," मी ओंकारला म्हटलं.

खोलीत आई कोपऱ्यात घोंगडीवर बसलेली होती. बाबा गेल्यापासून ती त्या जागेवरून फारशी हललीच नव्हती. विधवेने तेराव्यापर्यंत उंबरा ओलांडायचा नसतो, हे आत्या येणाऱ्या प्रत्येकाला सांगत होती. आईने माझ्याकडे पाहिलं.

आवाज पुन्हा आला. मी माझा फोन काढला, भाषांतराचं ॲप लावलं आणि स्पीकरजवळ धरला. यंत्र वाचत असलेला निरोप फोन त्याच्या ओबडधोबड मराठीत सांगू लागला:

"साहेब सयाजी, मी इनेस आहे. तुम्ही इतके दिवस गप्प आहात. तुम्ही रेश्माला सांगितले का? लहान मुलीच्या जागेबद्दल? तुम्ही वचन दिले होते की या वेळी ती आली की तिला हात धरून तिथे नेणार."

मी खुर्चीवर बसले.

रेश्मा म्हणजे मी. लहान मुलगी म्हणजे माझी मुलगी.

करोनाच्या आदल्या वर्षी महाडच्या दवाखान्यात ती जन्मली, पण रडली नाही. आमच्याकडे बारशाआधी गेलेल्या बाळाला नाव नसतं, त्याचं सुतक धरत नाहीत, आणि त्याला कुठे ठेवलं ते आईला सांगत नाहीत. सांगितलं तर तिचा जीव तिथे घुटमळतो आणि कूस पुन्हा उजवत नाही, असं म्हणतात. कूस तशीही पुन्हा उजवली नाही. बाबा आणि महिपतीकाका तिला घेऊन गेले. काका पुढच्याच वर्षी वारले. एकदा मी आईला विचारलं, तर ती म्हणाली, "ते विचारायचं नसतं." बाबांना विचारलं, तर म्हणाले, "जेवून घे."

बाबा गेल्याचा फोन आला. वरंध घाट उतरताना रडू येण्याआधी माझ्या मनात एकच आलं होतं, की आता ती जागा कुणालाही ठाऊक नाही.

आणि ही कोण इनेस, जगाच्या कुठल्या कोपऱ्यातली, तिला ठाऊक होती.

मी कीबोर्ड पुढे ओढला. काही बटणांवर आईच्या टिकल्या चिकटवलेल्या होत्या, बाबांच्या बोटांना कळावं म्हणून. माझं उत्तर मी फोनवर मराठीत लिहिलं, फोनने त्याचं स्पॅनिश केलं. ते बघून एकेक अक्षर दाबत गेले, आणि प्रत्येक अक्षर ती यंत्रातली बाई उच्चारत गेली. मी त्यांची मुलगी. बाबा वारले. एवढं जमलं. पुढे लहान मुलीसाठीचा स्पॅनिश शब्द आला, निन्या, आणि त्यात डोक्यावर लाट असलेला एन होता. तो कीबोर्डवर नाही.

साधा एन चालला असता. इनेसला कळलं असतं. पण ती बाबांची स्पॅनिश सरावाची मैत्रीण, तीही अंध, असं बाबांकडून ऐकलेलं ओंकारने मला आत्ताच सांगितलं होतं; म्हणजे तिच्याकडेही असंच यंत्र वाचून दाखवणार. निदान तो एक शब्द कुणी चुकीचा उच्चारू नये असं मला वाटलं.

फोनवर शोधलं. आल्ट दाबून धरायचं आणि उजवीकडच्या आकड्यांवर एक, सहा, चार. मी घाईत नुसतेच आकडे दाबले. आकडे उमटवणारं नमलॉकचं बटण बंद होतं. यंत्र अक्षर उमटवायचं सोडून मागचे शब्द वाचू लागलं. वारले, ते म्हणालं. पुन्हा, वारले.

"ताई, जाऊ दे ना," ओंकार दारातून म्हणाला. "नंतर बघू."

"नंतर नाही."

टिकली लावलेलं नमलॉक दाबलं, मग आल्ट, मग आकडे. यंत्राने ते अक्षर म्हटलं, मऊ, नाकातून. मी वाक्य पुरं केलं: लहान मुलगी कुठे आहे? एंटर दाबलं.

बाहेर आत्या कुणाला तरी दर्भ कुठे ठेवला ते विचारत होती. मग आवाज आला, आणि फोन म्हणाला:

"मला क्षमा करा. मी रडत आहे. तो माझा चांगला मित्र होता. होय, लहान मुलगी कुठे आहे ते मला माहीत आहे. त्याने सर्व सांगितले. तुमच्या घराच्या मागे दरवाजा आहे, तिथून बाहेर पडल्यावर..."

"बंद कर ते," आई म्हणाली.

"आई, थांब. ती सांगतेय."

"ती काय सांगणार? ती कधी आली व्हती हितं? मला इचार."

मी वळून बघितलं. आईचा चेहरा तसाच होता, कोरडा. रिकाम्या कपाळावर टिकलीच्या जागी फिकट ठिपका दिसत होता.

"तुला माहीत आहे?"

"बॅटरी मी धरली व्हती. त्यांना तिन्हीसांजंला कुठं दिसायचं? भावजी खणत व्हते, आणि हे तुझ्या लेकीला घेऊन हुबे. खाली ठेवायलाच तयार नाय."

"आणि मी विचारलं तेव्हा?"

"सांगायचं नसतं ना गो."

ओंकारने दाराची चौकट धरली. त्यालाही हे नवीन होतं. मला आईवर ओरडायचं होतं, की सारा जन्म एका घरात काढून मला हे दुसऱ्या खंडातल्या बाईला विचारावं लागलं. फोन पुढे बोलत राहिला. झाड. दगड. तो रोज तिथे बसायचा.

आई भिंतीला हात टेकून उठली. पाय आखडलेले, पहिलं पाऊल टाकताना ती कलली. मी धरायला गेले तर तिनेच माझं मनगट पकडलं.

"वैनी!" आत्या माजघरातून धावत आली. "उठू नको! तेराव्यापतुर भाईर नाय जायचं!"

"बाजूला हो, वन्सं."

"अगो, लोक काय म्हणतील?"

"म्हणू देत. आजवर म्हणतच आलेत."

मागचं दार उघडून ती मला परसात घेऊन गेली. शेवग्याच्या पलीकडे बाबांची खुर्ची अजून होती, उन्हाने पांढरी पडलेली. संध्याकाळी ते तिथेच बसायचे. सुट्टीत आले की मीही जवळ उभी राहून चहा प्यायचे.

मी पुढे झाले. "इथे?"

आईने मनगट मागे ओढलं.

"तिथं पाय देऊ नको," ती म्हणाली.