नियमन कोणाकडे

कोशकाराने पट्टी धरून कागदावर उभी रेघ मारली. डावीकडे माओरी, उजवीकडे स्वीडिश. कुठे बोलतात? माओरी न्यूझीलंडमध्ये, स्वीडिश स्वीडनमध्ये आणि फिनलंडच्या काही भागांत. नियमन कोण करतं? माओरीसाठी सरकारी भाषा आयोग, स्वीडिशसाठी भाषा परिषद, फिनलंडची पुन्हा वेगळी संस्था. नोंद उद्या द्यायची होती, पण त्याचं चित्त होतं स्वयंपाकघराकडे. तिथे नुसती शांतता होती.

तीन वाजले. गेली चाळीस वर्षं दुपारी याच वेळेला फोन खणखणायचा. पलीकडे बायकोची थोरली बहीण, ताई. दोघींची माहेरची भाषा बोलणारं त्यांच्याखेरीज जगात कुणी उरलं नव्हतं, पण ताईचा धाक असा की विचारू नका! धाकटीने एक शब्द चुकवायचा अवकाश, तिकडून तोफ डागलीच.

"चूक! पुन्हा म्हण."

आणि साठी ओलांडलेली त्याची बायको शाळकरी पोरीसारखी पुन्हा म्हणायची. आयोग काय नि परिषद काय, ताईपुढे सगळे फिके.

ताई जाऊन तीन आठवडे झाले. बायकोच्या डोळ्यांतून अजून टिपूससुद्धा निघालं नव्हतं. सगळी कामं वेळच्या वेळी करायची, दोन घास गिळायची आणि भिंतीकडे बघत बसायची. एकदा मोकळी रडली असती तर बरं, असं त्याला राहून राहून वाटे. तिला बोलतं कसं करावं, ते मात्र सुचत नव्हतं.

तिने चहाचा कप टेबलावर ठेवला आणि कागदाकडे पाहिलं.

"काय आहे हे?"

"कुठली भाषा कुठे बोलतात, तिच्यावर लक्ष कोण ठेवतं, त्याची तुलना."

"नशीबवान आहेत," ती म्हणाली. "लक्ष ठेवायला कुणीतरी आहे."

ती वळली. जन्मभर जगातल्या भाषांची माहिती गोळा केली गड्याने, आणि घरातल्या भाषेतलं एक वाक्य कधी शिकला नाही. फोन ठेवताना ती ताईला काय म्हणायची, तेवढं रोज कानावर पडून पाठ झालं होतं. 'जप हं, वेळेवर जेव,' अशा अर्थाचं काहीतरी.

मान खाली घालून त्याने ते म्हटलं. जीभ दोनदा अडखळली.

ती दारातच थबकली.

"चूक!" आवाज कडक, थेट ताईचा. "शेवट इतका ओढायचा नसतो. किती वर्षं सांगायचं?"

मग तिचं तिलाच ते ऐकू आलं. हात तोंडाशी गेला. ती मटकन खुर्चीत बसली आणि हमसून हमसून रडू लागली.

"अहो, माझीच चूक उचललीत तुम्ही. ताई रोज यावरूनच रागवायची."

त्याने तिच्या पाठीवर हात ठेवला. चहा पार गार झाला. बऱ्याच वेळाने तिने डोळे पुसले आणि खुर्ची त्याच्याजवळ ओढून घेतली.

"पुन्हा म्हणा," ती म्हणाली.